चौकाने शिकवलेले

आज १२ जानेवारी. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चौकातल्या त्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातील, भाषणे होतील. पण भाषणांतून जे सांगितले जाते ते तो चौक एरवी वर्षभर न बोलता सांगत असतो. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान तिथे एकत्र उभे आहेत. सोलापुरात वाढलेल्या पोराला याचे नवल वाटत नाही. रिक्षावाल्याला ‘चार पुतळा’ म्हटले की पुरते. चौघे एकत्रच असायचे, हे त्याने कळायच्या आधीच धरून चाललेले असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकाला इतके साधत नाही.

रस्त्यावर जे रोज दिसते तेच माणसे खरे मानू लागतात, हे इंग्रज सरकारला फार नेमके कळले होते. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढले. मे महिन्यात शहर उसळले आणि १२ मेपासून मार्शल लॉ लागू झाला. त्या अमलात निशाण मिरवणे हा गुन्हा ठरला आणि गांधी टोपी दिसली की ती डोक्यावरून उतरवली जाऊ लागली. हातभर खादीच्या टोपीने कोणाचे डोके फुटणार होते? पण पेठापेठांतून पांढऱ्या टोप्या हिंडत राहिल्या असत्या, तर राज्य कोणाचे याविषयी लोकांचा भलताच समज झाला असता. बंदोबस्त त्या समजाचा होता.

जानेवारीच्या याच दिवसांत सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक चालतात. त्यांत पेढीवाला कोण आणि पॉवरलूमवर रातपाळी करून आलेला कोण, हे वरवर पाहून ओळखता येत नाही. यात्रेपुरते का होईना, रस्त्यावर सगळे सारखे दिसतात.

एरवी त्याच रस्त्यांवर काय दिसते? ‘डिजिटल’, म्हणजे छापील फलक. कोण्या मालकांचा वाढदिवस, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, वर हात जोडलेले नेते आणि खाली पासपोर्ट आकाराचे पन्नास शुभेच्छुक. सिग्नलचा दिवा त्यामागे झाकला जातो, दिशादर्शक पाटी झाकली जाते. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९९५चा आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर आदेशही दिले. तरी फलक आहेतच, कारण ते काढणाऱ्यांनीही आता चौकाला मालक असतो हे मान्य करून टाकले आहे. शाळेच्या रिक्षातून जाणारे पोर तर तेवढेच शिकते. मोठे व्हायचे म्हणजे चौकात लागायचे.

या फलकांवर बाई क्वचितच असते. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की उमेदवार बाईंचा फोटो येतो आणि शेजारी यजमानांचा, बहुधा तिच्याहून मोठा.

आणि शहर कोणाच्या हातांवर चालते म्हणावे? पूर्व भागात सकाळी विडी कारखान्याच्या ब्रँचपुढे उभे राहून पाहा. टोपलीत आदल्या दिवशी वळलेल्या विड्या, वर ओले फडके, बोटांची टोके तंबाखूने काळवंडलेली. आत चेकर एकेक कट्टा दाबून पाहतो, छाट बाजूला काढतो. बाहेर बाया तेलुगूत बोलत गटाराच्या कडेने रांगेत असतात. आपली पाळी आली की माल मोजून द्यायचा, पान-तंबाखू घ्यायचा आणि घराकडे पळायचे. सावली नाही, बसायला कट्टा नाही. स्वच्छतागृह नाही, म्हणून घरून निघताना पाणी न पिण्याची सवय आहे. समोरच्या पानटपरीपाशी मात्र पुरुषांसाठी बाकडे आहे आणि ते सहसा रिकामे नसते. बाईने कामापुरते बाहेर यावे आणि काम झाले की निघावे, हा नियम कोणत्याही पाटीवर लिहिलेला नाही. त्या गल्लीची मांडणीच तो रोज वाचून दाखवते आणि तिथे खेळणाऱ्या मुलींना तो पाठ होतो. या बायांना लाजाळू म्हणणारे आम्हाला भेटतात. हक्काच्या घरांसाठी याच बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि कुंभारीला विडी कामगारांची अख्खी वसाहत उभी राहिली, हे ते सोयीने विसरतात.

महापालिकेचे अंदाजपत्रक आता आकार घेऊ लागेल. ‘सुशोभीकरण’ या खात्याला पैसे मिळतातच. यंदा ब्रँच असलेल्या गल्ल्यांत सावलीची शेड, बसायला कट्टे आणि पाणी असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहे यांसाठी वेगळी तरतूद करावी. आणि चार पुतळ्याच्या परिसरात एकही डिजिटल लागू देऊ नये, वाढदिवस कोणत्याही मालकांचा असो.