नाव अंगाचं, आजार मेंदूचा

स्ट्रोकला आपल्याकडे नावांची कमी नाही. घरातले बुजुर्ग 'फालिज' म्हणतात, मोहल्ल्यात 'लकवा मारला' म्हणतात, मराठीत 'पक्षाघात' आणि 'अर्धांगवायू' आहेतच. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना हे शब्द नेहमी समोर येतात. फालिज हा अरबी शब्द 'दुभंगणे' या अर्थाच्या धातूचा. लकवा म्हणजे मुळात तोंड वाकडं होणं. पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू. सगळे शब्द लुळ्या पडलेल्या अंगाकडे बोट दाखवतात; मेंदूचं नाव एकातही नाही.

मला वाटतं, आपली फसगत इथूनच सुरू होते. आजार हातात आहे असं समजून आपण हातालाच तेल चोळतो. कुणी कबुतराचं रक्त सुचवतं, कुणी झाडफूक करणाऱ्याचा पत्ता देतं. तिकडे मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरत असतात.

स्ट्रोकचे मुख्य प्रकार दोन. बहुतेकांमध्ये गुठळीमुळे रक्तपुरवठा बंद पडतो. बाकीच्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्रावात तेच जीवघेणं ठरतं. हा फरक सीटी स्कॅनच सांगतो. म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नये, आणि जिथे सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात न्यावं. काही रुग्णांची गुठळी नळी घालूनही काढता येते, पण तिथेही वेळच महत्त्वाची.

ओळखायचं कसं? अचानक तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, तोल जाणं. यातलं एकही दिसलं तर घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, हे डॉक्टर आधी विचारतात. गिळता येतं की नाही हे तपासेपर्यंत तोंडात पाणीही घालू नका. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली, तरी 'बरं झालं' म्हणून घरी बसू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

दुआ जरूर करावी, पण ॲम्ब्युलन्समध्ये बसून. दुआ आणि दवा यांच्यात भांडण लावणारे आपणच आहोत. मालीश, व्यायाम, फिजिओथेरपी यांचीही वेळ येते, पण जीव वाचल्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

रक्तदाब, साखर आणि तंबाखू ही या आजाराची मोठी कारणं. जुम्याला मशिदीबाहेर किंवा शाळेच्या पालकसभेत रक्तदाब तपासणीचं एक टेबल मांडायला फार खर्च येत नाही. आपल्या मोहल्ल्यात ते कोण मांडणार, एवढंच ठरवायचं आहे.