साडेतीनशेची मेणबत्ती

हल्ली पुण्यात ज्याला त्याला सुगंधी मेणबत्त्या करायच्या असतात. बाणेरपासून कोथरूडपर्यंत वीकांताला कुठे ना कुठे कार्यशाळा चालू असते. दोन तास, दोन मेणबत्त्या, भरपूर फोटो. माझी त्याला अजिबात हरकत नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाने हाताने काहीतरी करावं, हे चांगलंच. हरकत आहे ती दोन गोष्टींना: 'घरच्या घरी, एकदम सोप्पं' या वाक्याला आणि त्यातून निघणाऱ्या 'मग एवढे पैसे कसले घेता?' या प्रश्नाला.

आधी सोप्पंचं बघू. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, सगळी एका मेणबत्तीवर! कारण जळते ती वात नाही, आणि घट्ट मेणही नाही. मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती फुंकून विझवा आणि जी पांढरी धुराची रेघ वर जाते तिला लगेच काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून खाली उडी मारून वातीला पेटवते. (आज रात्री करून बघा. पडद्यापासून लांब.)

म्हणजे हे एक छोटं इंजिन आहे, आणि वात म्हणजे त्याचा इंधनपुरवठा. वात बारीक झाली की मधोमध विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड झाली की ज्योत मोठी होते, काजळी धरते, काच तापते. त्यात वास घाला: तेल साधारण वजनाच्या सहा ते दहा टक्के. जास्त घातलं म्हणून जास्त वास येत नाही, ते मेणात न मुरता वर घामासारखं सुटतं. वास बदलला की तीच वात त्याच काचेत वेगळी वागते. एक व्हेरिएबल बदला आणि सगळ्या टेस्ट पुन्हा रन करा. ओळखीचं वाटतंय ना? :)

आमच्या सोसायटीत एक ताई आहेत. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होत्या, मग नोकरी सोडली आणि हे सुरू केलं. त्यांच्या वहीत प्रत्येक मेणबत्तीची नोंद आहे: मेण किती ग्रॅम, वात कोणती, तेल किती अंशांवर घातलं, चार तास जाळल्यावर वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं का. सोयाचं मेण ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे तसंच ठेवतात, मगच वास नीट लागतो. अशी रिलीज डिसिप्लिन मी ज्या प्रोजेक्टांवर होतो तिथे क्वचितच पाहिली.

गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या स्टॉलवर मी तासभर बसलो होतो. आपल्याच जातकुळीतला एक जण आला, गळ्यात कंपनीचं आयकार्ड अजून लटकलेलं. "ताई, साडेतीनशे? मेणबत्तीला? पाचशेला दोन द्या ना." ताई हसल्या आणि "नाही जमणार हो" म्हणाल्या. तो गेला. नंतर मी वही मागून घेतली आणि हिशोब मांडला. १८० ग्रॅम मेण ५४ रुपये, सुगंधी तेल ३६, काचेचा ग्लास ६०, वात ५, खोका आणि लेबल ४५. झाले २०० रुपये. वर उरतात दीडशे. अशा वीस विकल्या की तीन हजार. त्यातून स्टॉलचं भाडं दीड हजार गेलं. करायला नऊ तास, स्टॉलवर उभं राहायला आठ. १५०० भागिले १७, म्हणजे तासाला ८८ रुपये. टेस्टिंगमध्ये जाळून टाकलेल्या मेणबत्त्या यात धरलेल्या नाहीत. पाचशेला दोन दिल्या असत्या तर वीस मेणबत्त्यांवर हजार रुपये सुटले असते आणि भाडं भरायला वर पाचशे खिशातून घालावे लागले असते.

आपण क्लायंटला तासाच्या हिशोबाने बिल लावणारी माणसं. एस्टिमेटमध्ये बफर टाकल्याशिवाय मेल पाठवत नाही. मॉलमधली दीड हजाराची परदेशी मेणबत्ती आपण मुकाट उचलतो, आणि समोर बाई स्वतः उभी असली की आपला भाजीबाजार सुरू होतो. वाईट याचं वाटतं की हे आपल्याला काटकसर वाटतं.

अर्थात विकणाऱ्यांनीही जरा सरळ बोलावं. 'शंभर टक्के नैसर्गिक मोगरा' असं लेबल साडेतीनशेच्या मेणबत्तीवर दिसलं की मला हसू येतं. मोगऱ्याचं नाजूक फूल वाफेच्या ऊर्ध्वपातनात टिकत नाही. त्याचा अर्क सॉल्व्हंटने काढावा लागतो आणि तो प्रचंड महाग असतो. या किमतीत मिळतो तो प्रयोगशाळेतला मोगरा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तसं लिहा. खसाचं तेल मात्र मुळांपासून खरंच निघतं, पण तेही स्वस्त नाही. तीच गोष्ट सोयाची. सोयाचं मेण म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. डालड्याचं चुलतभावंडच म्हणा ना! पॅराफिन पेट्रोलियममधून येतं. म्हणून एक अमृत आणि दुसरं विष, असं होत नाही. जळताना धूर दोन्ही करतात, आणि तो किती होणार हे बऱ्याच अंशी वातीच्या लांबीवर आणि खोलीतल्या वाऱ्यावर ठरतं. वात पाव इंचावर कापा, पंख्याखाली ठेवू नका, झोपायच्या आधी विझवा. आणि घरी करणार असाल तर मेण थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवा. पेटलंच तर त्यावर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटलेलं मेण छतापर्यंत उडवते. कार्यशाळेत हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

हे मी एवढं ताणून का सांगतोय? तळवडे म्हटलं की आपल्याला आयटी पार्क आठवतं. त्याच तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला एका कारखान्याला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात ना, फुलबाजीसारख्या उडणाऱ्या मेणबत्त्या, त्या तिथे बनत होत्या, परवानगीशिवाय. दहापेक्षा जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. त्या मेणबत्तीत मेणाचा संबंध नावापुरताच, आत असते दारू, फटाक्यातली. आपल्या ऑफिसात महिन्याला किती वाढदिवस होतात मोजा. प्रत्येक केकवर ती दहा सेकंदांची चुर्रर्र असते आणि ती कुठे, कोणी, किती रोजावर भरली हे कुणी विचारत नाही. मी आमच्या टीमपुरती ती बंद करायला लावली. एकदोघांनी तोंड वाकडं केलं. करू देत.

याच्या उलट टोकाला महाबळेश्वर आहे. भावेश भाटिया यांना तरुणपणी दृष्टी गमवावी लागली. त्यांनी मुंबईत अंधांसाठीच्या संस्थेत मेणबत्त्या करायला शिकून महाबळेश्वरला गाडीवर त्या विकायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या दशकात 'सनराइज कँडल्स' उभं केलं. तिथे काम करणारे बरेच जण स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांचं नाव निघालं की लोक लगेच 'बिचारे' म्हणून दोन घेतात. मला ते पटत नाही. माल चांगला वाटला तर घ्या, पूर्ण किमतीला घ्या. दया दाखवून घेणारा एकदाच येतो, धंदा चालतो तो परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

असो. ज्यांना स्वतः करायच्या आहेत त्यांनी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला एक चक्कर मारावी, मेण आणि साचे ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतात. तीस रंग आणि चमकी घेण्याआधी ग्रॅमचा वजनकाटा आणि थर्मामीटर घ्या. एकच मेण, एकच काच, एकच वास, तीन वेगवेगळ्या वाती. चारी रविवार यातच जातील.

ताईंनी यंदा किंमत साडेचारशे केली आहे. म्हणजे त्याच सतरा तासांचे, बाकी सगळं तेच राहिलं तर, दोनशेसहा रुपये तासाला. लेबलवर आता 'मोगरा (कृत्रिम सुगंध)' असं छापलंय. त्यामुळे खप पडेल अशी त्यांना धास्ती आहे, मला तसं वाटत नाही. मागच्या शनिवारी बारा गेल्या होत्या.