‘चांगली वस्ती’ म्हणजे कुणाला हाकलून?

वस्ती निवडायची म्हणे!

आपल्या आज्या-पणज्यांना ही डोकेदुखी नव्हती. वारा कुठून वाहतो ते बघून गावानंच त्यांची जागा ठरवून टाकली होती. बाप शहरात आला, त्यालाही कुणी ‘कुठला एरिया पाहिजे?’ असं विचारलं नाही. नाल्याच्या कडेला, रुळाच्या बाजूला, जिथं पत्रा ठोकता आला तिथं ठोकला. आज पहिल्यांदा आपल्यातल्या मूठभर पोरांच्या हातात निवड आलीय. पोरं शिकली, इंजिनिअर झाली, कंपनीनं अमेरिकेला धाडली. चांगलं झालं. कुणाच्या पगारावर आमचा डोळा नाही. पण विमानातून उतरल्यावर पोरगं पहिला सवाल टाकतं, ‘इथं चांगली वस्ती कुठली?’ आणि जवाब कोण देतं? ज्यांनी इथं आपलं आडनाव ऐकून ‘जागा कालच गेली हो’ म्हणत दार लावलं, त्यांचेच भाऊबंद. ते सांगतात, ‘त्या बाजूला नको रे बाबा, तिकडं ते लोक राहतात.’

ते लोक! शब्द ओळखीचा वाटतो का दोस्ता?

एकच शहर घेऊ. चार्ल्सटन. अमेरिकेच्या दक्षिणेतलं साउथ कॅरोलिना राज्य, अटलांटिकचा किनारा, अॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधली जिभेसारखी जमीन. १६७० साली इंग्रजांनी वसवलेलं. आज तिथं बोइंगचा विमानांचा कारखाना आहे, मोठं बंदर आहे, वैद्यकीय विद्यापीठ आहे. म्हणजे नोकऱ्या आहेत, म्हणजे आपली पोरंही पोचणार. घर बघायला निघालं की दलाल रंगीत पुस्तक हातात देतो. त्यात एकच शब्द पानोपानी: ऐतिहासिक. ऐतिहासिक घरं, ऐतिहासिक गल्ल्या, ऐतिहासिक झाडं. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला राहणारा तो खानदानी. नदीपलीकडचं माउंट प्लेझंट मुलाबाळांच्या माणसांसाठी, शाळा उत्तम. नॉर्थ चार्ल्सटनचं नाव काढलं की दलाल जरा खोकतो. ‘काळे राहतात’ असं तो म्हणत नाही. म्हणेल कसा? १९६८ पासून घर देताना-घेताना रंग बघणं तिथं कायद्यानं गुन्हा आहे. मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातल्यावर आठवडाभरात तो कायदा आला. म्हणून आता नुसता खोकला. आणि शाळा. आणि ‘सुरक्षित’. आपल्याकडं ‘शाकाहारी’ म्हणतात, तसं.

बरं, इतिहास म्हणता ना? मग सगळा काढा.

अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही बंदरापेक्षा जास्त आफ्रिकी माणसं या चार्ल्सटनच्या धक्क्यावर उतरवून विकली गेली. शहरात मालक आपला गुलाम दुसऱ्याकडं भाड्यानं कामाला लावायचा. अशा गुलामाच्या अंगावर नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला लागायचा. बिल्ल्यावर शहराचं नाव, साल, नंबर आणि धंदा. हमाल, नोकर, कोळी. आपल्या गळ्यात मडकं होतं, त्यांच्या अंगावर तांबं. आज ते बिल्ले जुन्या वस्तूंच्या बाजारात महाग जातात. ज्याच्या अंगावर होता त्याच्या नातवंडांना मात्र त्याच शहरात भाडं परवडत नाही.

घरं त्यांनी बांधली. विटा त्यांनी भाजल्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे नक्षीदार लोखंडी फाटक असतं ना, तसली शेकडो फाटकं फिलिप सिमन्स नावाच्या काळ्या लोहारानं घडवली. २००९ साली वारला, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन. त्याची फाटकं श्रीमंतांच्या दारात लागली. तो स्वतः राहायचा ईस्टसाइडला, काळ्यांच्या वस्तीत.

आता ‘जतन’ या प्रकाराची गंमत बघा. १९३१ साली चार्ल्सटननं जुन्या पेठांच्या रक्षणासाठी कायदा केला. अख्ख्या अमेरिकेत असला पहिला. खिडकीला रंग कुठला, छपराला कौल कुठलं, सगळं बोर्ड ठरवणार. भिंतीला संरक्षण मिळालं. भिंतीआड भाड्यानं राहणाऱ्या माणसाला नाही मिळालं. १९५९ पासून अॅन्सनबरो नावाच्या पेठेत शहराच्या वारसा-संस्थेनं फिरता निधी काढला. पडकी घरं घ्यायची, डागडुजी करायची, अटी घालून ऐपतदाराला विकायची, त्या पैशातून पुढची घ्यायची. हिशेब एकदम चोख! पण त्या पडक्या घरांतनं माणसं राहत होती. बहुतेक काळी, गरीब, भाडेकरू. त्यांचं काय झालं? इतिहास वाचला आणि ती वाहून गेली.

तिथंच शेजारी सार्वजनिक प्रेक्षागृह बांधायला काळ्यांच्या घरांवरून बुलडोझर फिरला. गेलार्ड ऑडिटोरियम. १९६८ साली उघडलं. दोनच वर्षांनी तिथं ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा झाला, शहराच्या गरीब काळ्या वस्तीची कहाणी, चार्ल्सटनच्याच गोऱ्या लेखकाच्या कादंबरीवरून केलेली. ज्या कॅबेज रो नावाच्या चाळीवरून ती वस्ती सुचली, ती चाळ कधीच ‘दुरुस्त’ होऊन काळ्या भाडेकरूंपासून मोकळी झाली होती. म्हणजे वस्ती पाडा, तिच्यावर थेटर बांधा, आणि थेटरात वस्तीच्या दुःखाची गाणी लावून टाळ्या पिटा. अजून पुढं आहे. २०१३ साली तेच थेटर नव्यानं बांधायला खोदकाम काढलं तर खाली छत्तीस माणसांची हाडं निघाली. आफ्रिकी वंशाची, अठराव्या शतकातली, नाव ना गाव. २०१९ मध्ये त्यांना नीट दफन केलं. गुलाम, त्याच्यावर भाडेकरू, त्याच्यावर गाणं. एकाच जागेचे तीन मजले.

आणि हमरस्ता. साठच्या दशकात शहराच्या आरपार क्रॉसटाउन काढला, काळ्यांच्या वस्त्या मधोमध कापून. त्या रस्त्याला पुढं नाव दिलं सेप्टिमा क्लार्कचं. ही बाई शिक्षिका होती. काळ्यांच्या संघटनेची वर्गणीदार होते म्हणून ठणकावून सांगितलं, म्हणून १९५६ साली नोकरीवरून काढलेली. जिनं आयुष्यभर आपल्या माणसांना मतदानासाठी लिहा-वाचायला शिकवलं, तिचं नाव तिच्याच माणसांची घरं पाडून काढलेल्या डांबराला! पुतळे आणि नामांतरं यांचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९८०च्या सुमाराला या शहरात जवळपास निम्मी माणसं काळी होती. २०२०च्या जनगणनेत पाचात एकही भरत नाही. शहराची हद्द वाढली हे खरं, पण नद्यांमधल्या जुन्या पेठांतूनही काळे हटलेच. गेले कुठं? बरेचसे वर, नॉर्थ चार्ल्सटनकडं, जिथं दलाल खोकतो. तिथं तरी निवांत राहू दिलं का? २०१६ साली कोर्टाच्या हुकमानं भाडेकरू बाहेर काढण्यात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत नॉर्थ चार्ल्सटनचा पहिला नंबर लागला. प्रिन्स्टन विद्यापीठानं मोजलंय: भाड्याच्या शंभर घरांमागं सोळा-साडेसोळा. २०१५ साली तिथंच वॉल्टर स्कॉट नावाच्या निःशस्त्र काळ्या माणसाला पोलिसानं पाठीत गोळ्या घातल्या. गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढ्यावरून अडवला होता.

पाण्याचं ऐका. चार्ल्सटन बुडणारं शहर आहे. भरती आणि पाऊस एकत्र आले की रस्त्यावर गुडघाभर. पूर्वीच्या खाड्या बुजवून त्यांच्यावर गरिबांची सरकारी घरं बांधली, ती गॅड्सडेन ग्रीनसारखी घरं आधी बुडतात. आता लष्कराच्या अभियंत्यांनी समुद्राची भिंत आखलीय, आठेक मैलांची. त्या आराखड्यात रोझमाँट ही काळ्यांची वस्ती भिंतीच्या बाहेर. अरे, वेस म्हणतात याला! गावकुसाबाहेर ठेवायची कला फक्त मनूलाच येत होती असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो आराखडा डोळ्यांखालून घालावा.

ती माणसं गप्प बसली असंही समजू नका. डेन्मार्क व्हेसी नावाच्या सुताराला लॉटरी लागली, त्या पैशातून त्यानं स्वतःला विकत घेतलं, आणि १८२२ साली अख्ख्या शहरातल्या गुलामांच्या उठावाचा कट केला या आरोपावरून पस्तीस जणांना फासावर चढवलं, त्यात तो. ज्या मंडळीत तो होता त्यांचं चर्च पाडलं. ते पुन्हा उभं राहिलं. १९६९ साली इस्पितळातल्या काळ्या बायका संपावर गेल्या, शंभरेक दिवस. झाडू-बेडपॅन उचलणाऱ्या, तासाला एक डॉलर तीस सेंटवर राबणाऱ्या. रस्त्यावर संगिनी उभ्या केल्या तरी हटल्या नाहीत. आणि १७ जून २०१५ च्या रात्री व्हेसीच्या परंपरेतल्या त्याच इमॅन्युएल चर्चात प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या पोरानं गोळ्या घातल्या. चर्च ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव कॅलहून स्ट्रीट. गुलामगिरी ही भली गोष्ट आहे असं छाती ठोकून सांगणाऱ्या पुढाऱ्याचं नाव. त्याचा पुतळा तिथनं हाकेच्या अंतरावर २०२० पर्यंत उभा होता.

आता आपले पांढरपेशे म्हणतील, हे सगळं अमेरिकेतलं, तुम्ही मधे कशाला नाक खुपसता? तर ऐका. १९७२ साली मुंबईत पोरांनी ‘पँथर’ हे नाव घेतलं ते तिथल्या काळ्यांकडून. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइसला पत्र लिहिलं ते हौसेखातर नाही. कोलंबियात शिकून आलेल्या त्याच बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावानं काढलं. घर नाकारणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली सांगितलं, ‘काळ्याला विकू नये’ ही खरेदीखतातली अट कोर्ट राबवणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली अहमदाबादच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं, सभासद आपल्याच समाजाचे ठेवायची सोसायटीची अट चालते. जगातली सगळ्यात मोठी लोकशाही! टाळ्या!

म्हणून त्या पोराला विचारायचंय. ज्या दारावर तुझ्या बापानं ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न खाल्ला, त्या दाराच्या आतल्या बाजूला उभा राहून तोच प्रश्न तू दुसऱ्याला विचारणार का? तिथं तुझी जात कातडीवर दिसत नाही. गोरा तुला डॉक्टर-इंजिनिअर समजतो, सोसायटीत घेतो. शेजारच्या देशबांधवाला आडनावावरून वास आला तर दिवाळीचं बोलावणं बंद, ते वेगळं. पण काळ्यापासून चार हात लांब राहिलास तर तोही तुला चालवून घेईल. ही त्या चांगल्या वस्तीची वर्गणी आहे. दर महिन्याला भरावी लागते.

‘मग काय, पोरांना वाईट शाळेत घालू?’ असं विचारशील. नको घालूस. आम्ही त्यागाचं कीर्तन करायला बसलो नाही. ते कीर्तन ज्यांची घरं भरलेली आहेत त्यांनी करावं. शाळेचा पैसा वस्तीगणिक कमी-जास्त का होतो, हे मात्र विचार. आणि तोंडातनं ‘ते लोक’ काढू नकोस.

जमिनीचं मात्र जपून. गुलामगिरी संपल्यावर काळ्यांनी पै-पै करून शहराभोवतीच्या बेटांवर, माउंट प्लेझंटच्या बाजूला जमिनी घेतल्या. मृत्युपत्रं नाहीत, वाटण्या नाहीत, सगळ्या वारसांची सामाईक जमीन. बिल्डर काय करतो? दूर शहरात गेलेला एखादा चुलतभाऊ गाठतो, त्याचा चिमूटभर हिस्सा घेतो, आणि त्या चिमटीवर कोर्टात जाऊन अख्खी जमीन लिलावात काढतो. घरात राहणारी म्हातारी बाहेर. महारवतनाच्या जमिनींचं काय झालं ते घरी आजोबाला विचार, लगेच समजेल. २०१६ साली राज्यानं याला लगाम घालणारा कायदा केला: योग्य किंमत ठरवा, हिस्सा विकत घेण्याची संधी आधी बाकीच्या वारसांना द्या. कायद्याला नाव क्लेमेंटा पिंकनीचं. आमदार होता, आणि इमॅन्युएल चर्चचा पाद्री. त्या रात्रीच्या नवांतला एक. माणूस मेल्यावर कायदा, हा क्रमही आपल्या ओळखीचा.

अशाच जमिनींच्या शेजारी आता कॉलन्या उठल्यात. एकीचं नाव ब्रिकयार्ड प्लँटेशन. विटांचा मळा! तिथल्या जुन्या मळ्यांत विटा कोण भाजत होतं ते वर सांगितलंच. आपल्याकडं पेशवाईच्या नावानं टॉवर चढतात, तसंच. आणि कॉलन्यांतल्या मोटारींना रस्ता पुरेना म्हणून हायवे रुंद करायचा, तर तो फिलिप्ससारख्या, मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्तीतून.

तेव्हा घर बघायला जाशील तेव्हा नुसता बाथरूमचा नळ सोडून बघू नकोस. दलालाला विचार, ही जमीन कुणाची होती, लिलावातून आली का, कुठल्या साली. तो खोकेल. मग काउंटीच्या कचेरीत जा, जुनी खरेदीखतं तिथं कुणालाही बघायला मिळतात, तुझ्याकडं शिक्षण आहे, वाच. वारसांच्या नावांची रांग दिसली आणि रांगेच्या शेवटी एखादी कंपनी दिसली, तर तिथं सही करू नकोस. आणि रस्तारुंदीची नाहीतर समुद्राच्या भिंतीची सुनावणी लागेल, तेव्हा फिलिप्स नाहीतर रोझमाँटची म्हातारी माणसं बोलायला उभी राहतील. त्या दिवशी हापिसातून लवकर नीघ आणि त्यांच्या रांगेत जाऊन बस.