कोकोची आई झाडीपट्टीच्या धुऱ्यावर

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यातले रोवणे आटोपत आलेले असतील. चिखलणीच्या वेळी अनेकांनी धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, गिरिपुष्पाचा पाला बांधीत तुडवला असेल. कृषी विभाग वर्षानुवर्षं हा सल्ला देत आला आहे: धुऱ्यावर गिरिपुष्प लावा, पाला चिखलात गाडा, नत्र मिळेल, रासायनिक खतावरचा खर्च वाचेल. सल्ला चांगला आहे, आम्हीही तो याच पानांतून दिला आहे. पण हे झाड इथलं नाही. ते मध्य अमेरिकेतून आलं आणि तिथल्या स्पॅनिशमध्ये त्याला ‘माद्रे दे काकाओ’ म्हणतात, म्हणजे कोकोची आई. कोको हे मुळात ॲमेझॉनच्या दाट रानात, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढणारं झाड. त्याच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. ज्याच्या सावलीला ते वाढवलं, त्या झाडाला तिथल्या शेतकऱ्यांनी आई म्हटलं.

आमच्या वाचकांपैकी कोणी कोको लावत नसेल, आणि कोणी तो आरमोरीत लावावा असंही आमचं म्हणणं नाही. पण पीक आणि झाड एकाच शेतात नांदवायचं कसं, यात कोकोवाल्यांनी कित्येक पिढ्या घालवल्या आहेत. त्यांनी केलेल्या चुका आज आपल्या धुऱ्यावर होताना दिसतात, म्हणून हा विषय.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात ‘काब्रुका’ नावाची जुनी पद्धत आहे. मूळ जंगल विरळ करायचं, मोठी झाडं राखायची आणि त्यांच्याखाली कोको लावायचा. एकेका मळ्यात नाना जातींची झाडं. सोनेरी आयाळीची छोटी माकडं अजून त्या मळ्यांतून फिरतात. 1989 च्या सुमारास तिथे कोकोवर बुरशीचा मोठा रोग आला, पीक बुडालं, आणि कर्जात गेलेल्या अनेक मळेवाल्यांनी सावलीची झाडं लाकडासाठी विकली. घर चालेनासं झालं की आधी झाड जातं. धुऱ्यावरच्या झाडाने घराला काही दिलं पाहिजे, हे त्यातून शिकायचं. नुसत्या पर्यावरणाच्या भाषणावर कुठलंही झाड उभं राहत नाही.

घानातली गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकवतात. घानाच्या कायद्यात शेतात आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड शेतकऱ्याचं नाही, त्यावर हक्क सरकारचा. परवाना घेऊन लाकूडवाला येतो, झाड पाडतो, त्याखाली कोको चिरडतो. मग शेतकरी काय करणार? असं रोप दिसलं की उपटून टाकतो. त्याला सावलीची किंमत कळत नाही असं नाही. ती पुरती कळूनही तो उपटतो.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात 1964 च्या झाडतोड कायद्याने साग, मोह, ऐन (आपला येन), जांभूळ अशा अनुसूचित जातींची झाडं स्वतःच्या शेतातूनही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगला होता आणि जुने मोह त्यामुळे काही प्रमाणात वाचले, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच कायद्याच्या भीतीने किती रोपं बोटाएवढी असतानाच विळ्याखाली गेली, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. वैरागडच्या वाटेवर एका शेतकऱ्याने आम्हाला सरळ सांगितलं, “येन मोठा झाला का कागद लागते. लहान असतानाच कापला तं कोन इचारते?” तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याच धुऱ्यावर आजोबाच्या काळचा मोह उभा होता आणि चैत्रात पहाटे त्याखाली मोहफुलं वेचायला सगळं घर जातं, हेही त्यानेच सांगितलं.

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून काढला गेला आणि शेतातल्या बांबूचा मार्ग मोकळा झाला. जंगलातल्या वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला, पण धुऱ्यावर आपोआप उगवलेल्या येनासाठी अजून अर्ज करावा लागतो. जे रोप शेतकऱ्याने आपल्या जमिनीत राखलं, त्याची नोंद सातबाऱ्यावर त्याच्या नावाने व्हावी आणि पुढे ते तोडण्याचा हक्क त्या नोंदीवरच मिळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धुऱ्यावरची रोपं जाण्याचं कायद्याइतकंच मोठं कारण आपल्या हातातलं आहे. बांधी मोठी करायला धुरे मोडले जातात, कारण हार्वेस्टरला वळायला जागा लागते. जे धुरे उरतात, त्यांवर गवत कापण्याऐवजी तणनाशक मारलं जातं, आणि त्या एका फवाऱ्यात वर्षभराची सगळी रोपं जळतात. पळसाचं जातं, चाराचं (चारोळीचं) जातं, टेंभरुणीचं जातं. मग जुलैत वृक्षारोपणाच्या वेळी त्याच धुऱ्यावर रोपवाटिकेतून आणलेल्या दोन-तीन ठरावीक जाती लावल्या जातात आणि आकडा भरतो. कोडगूच्या कॉफीमळ्यांतही हेच घडलं. देशी सावलीची झाडं जाऊन सिल्व्हर ओक आला, कारण तो लवकर वाढतो आणि तोडायला कटकट नाही. सावली तशीच राहिली, पण तिच्याखालचं जग गेलं.

विविधता मोजायची कशी, यावर आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. जातींची संख्या मोजण्याआधी महिने मोजा. माघ-फाल्गुनात जंगल निष्पर्ण असताना पळस फुलतो. चैत्रात मोह गळतो. वैशाखात चार आणि तेंदूपाला, ज्येष्ठात जांभूळ आणि मोहाच्या टोरी. आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत येनावर कोसा, म्हणजे टसर रेशमाचा कोश. पौषात बोर आणि बिबा. ज्या धुऱ्यावर ही सगळी झाडं आहेत, त्या घराला बाराही महिने काही ना काही आहे, आणि पाखरांना, मधमाश्यांनाही. गिरिपुष्प पाला देतं, पण या पंचांगातला एकच रकाना भरतं. कोकोच्या मुलखातही एकट्या ‘आई’च्या सावलीतला मळा आणि नाना झाडांच्या सावलीतला मळा यांत फरक पडतो. कोकोच्या फुलाचं परागण चिलटाएवढ्या माश्या करतात, आणि त्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. तऱ्हेतऱ्हेचा पाला पडला तर त्यांचं घर टिकतं.

येनाबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण आरमोरीची ओळखच कोशाची आहे. इथली ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या येनावर आणि अर्जुनावर टसरच्या अळ्या पाळत आली. अळी चार वेळा कात टाकते, शेवटी हिरवीगार, बोटाहून जाड होते. या काळात पाळणारा पहाटेपासून झाडाखाली गुलेर घेऊन बसलेला असतो, पाखरं हाकलत, मुंग्यांवर नजर ठेवत. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांदी कापून शेजारच्या झाडावर टांगायची. शेवटी अळी एक कडक देठ विणून त्याची अंगठी डहाळीभोवती घट्ट बसवते आणि त्याला कोसा लटकतो, लहानशा अंड्याएवढा आणि हाताला टणक. वाऱ्यापावसात तो पडत नाही. हे विणकाम ज्याने एकदा जवळून पाहिलं, त्याला येन पुन्हा सरपणाचं झाड वाटणार नाही.

कोशासाठी येन छाटून ठेवावा लागतो, माणसाच्या हाताला येईल इतका. त्याने कोवळा पाला फुटतो. भातालाही नेमकं तेच हवं. धान हे उन्हाचं पीक आहे, कोकोसारखं सावलीचं नाही, हे विसरून चालणार नाही. मोठ्या मोहाच्या सावलीतला धान उशिरा पोटरीवर येतो, लोंबी हलकी राहते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ते नाकारून झाडांचा प्रचार करणारा माणूस शेतकऱ्याचा विश्वास गमावतो. कोकोतही सावली फार दाट झाली की ओलीने फळं काळी पडून सडतात, म्हणून तिथले शेतकरी फांद्या विरळ करतात. छत्तीसगडच्या भातशेतात बांधावरची बाभूळ अशीच छाटून राखतात, काट्यांचं कुंपण होतं आणि चूल पेटते. आपणही येन खांद्याच्या उंचीला राखावा, आणि मोह, जांभूळ अशी मोठी झाडं बांधीच्या उत्तरेच्या धुऱ्यावर ठेवावीत, म्हणजे सावली पिकावर कमी पडेल.

यात अडचणी आहेत आणि त्या झाकायच्या नाहीत. तुडतुड्यासाठी धानावर मारलेलं औषध वाऱ्याने येनावर गेलं तर अळ्या मरतात. कोतवाल पक्षी शेतातल्या किडी खातो म्हणून आपण पक्षीथांबे रोवतो, पण तोच कोतवाल कोशाची अळीही उचलतो. म्हणून कोशाचे येन एका कोपऱ्यात, राखण करता येईल असे एकत्र असावेत आणि पाखरांची झाडं त्यांच्यापासून दूर. शिवाय आरमोरी-वडसा पट्ट्यात गेल्या काही वर्षांत वाघाने माणसं मारली आहेत. शेताजवळ दाट झुडूप नको, ही बायाबापड्यांची भीती खरी आहे. बुंधा स्वच्छ, खाली मोकळं आणि वर फांद्या, अशा झाडाला त्यांची हरकत नसते.

रेशीम विभागातले कर्मचारी, कृषी सहायक, ग्रामसभेचे सभासद आणि शेतकरी, सगळ्यांना एक विनंती आहे. यंदा नवीन रोप लावण्याआधी आपला एक धुरा पायी फिरा. आपोआप आलेल्या प्रत्येक कामाच्या रोपाशेजारी एक काडी रोवा आणि तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधा. त्या धुऱ्यावर तणनाशक मारू नका. मग बारा महिन्यांची यादी काढा आणि ज्या महिन्यासमोर झाड नाही, तेवढंच बाहेरून आणून लावा. या याद्या आमच्याकडे पाठवा, दिवाळीच्या अंकात त्या गावांच्या नावांसह छापू. चिंध्या मात्र याच आठवड्यात बांधा, कारण पोळा जवळ आला आहे आणि धुऱ्याच्या गवताला लवकरच विळा लागेल.