पंगतीत वाढायला कोण?



पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा विषय काढला की आमच्या बैठकीत कुणीतरी म्हणतेच, 'हे पोट भरलेल्यांचे चोचले, आपला काय संबंध?' बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, एवढे सांगितले तरी पुरे. पण संबंध त्याहून खोल आहे.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात डोंगराळ भागात मार्लबोरो नावाचे छोटे गाव आहे. १९५१ पासून दर उन्हाळ्यात तिथे सात आठवडे चेंबर म्युझिकची शाळा आणि महोत्सव भरतो. चेंबर म्युझिक म्हणजे तीन, चार, फार तर आठ-नऊ वादक. प्रत्येकाचा भाग स्वतंत्र, आणि समोर छडी हलवणारा संचालक नाही. एकमेकांचे ऐकल्याशिवाय हे संगीत उभेच राहत नाही.

याच व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन शहरात १८५९ साली जॉन ड्युई जन्मले. कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू. लोकशाही ही नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६ साली जातीविरुद्ध हत्यार म्हणून उचलला.

मार्लबोरोच्या संस्थापकांत दोन नावे महत्त्वाची. ज्यू पियानोवादक रुडॉल्फ सेर्किन आणि त्यांचे सासरे, व्हायोलिनवादक अ‍ॅडॉल्फ बुश. बुश जर्मन होते, ज्यू नव्हते, देशात त्यांना मोठा मान होता. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला आणि बुश यांनी जर्मनीतले कार्यक्रमच बंद केले. पुढे इटलीतही ज्यूविरोधी कायदे आले, तेव्हा इटलीही सोडली. 'मी जात मानत नाही' म्हणत जातीचे सगळे फायदे खिशात घालणारे पुरोगामी आपल्याला रोज भेटतात. बुश यांनी फायदा सोडला. फरक इथे आहे.

मार्लबोरोत नावाजलेला ज्येष्ठ वादक आणि विशीतला तरुण एकाच गटात बसतात. कोणती रचना घ्यायची, हे तरुणही सुचवतो. सरावातले बरेचसे रंगमंचावर येतच नाही, कारण आधी शिकणे, मग टाळ्या. आणि जेवणघरात वाढपाची पाळी सगळ्यांना येते. ज्याच्या मैफलीला तिकीट काढून लोक येतात, तोच दुपारी ताटे घेऊन फिरतो. गुरूच्या पायाशी बसून त्याच्या मर्जीवर विद्या मिळवायच्या आपल्याकडच्या परंपरेशी हे ताडून पाहा.

पण आम्ही भारावून जाणाऱ्यांतले नाही. तिथे निवडले गेलेल्यांकडून फी घेत नाहीत, हे खरे. मात्र त्या दारापर्यंतचा रस्ता फुकट नाही. लहानपणापासून शिक्षक, चांगले वाद्य, सरावाला मोकळी खोली, हे सगळे ज्याच्या घरी होते तोच 'गुणवान' ठरतो. २०१४ च्या आकडेवारीनुसार अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय वादक दोन टक्क्यांहूनही कमी होते. १९३९ साली मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनचे एक सभागृह नाकारले गेले, तेव्हा त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या. आज दार कुणी बंद करत नाही, फक्त मेरिट विचारतात. हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. निवडलेल्यांची आपापसातली समता तर जातीच्या आतही असते.

तरीही ते जेवणघर आमच्या डोक्यातून जात नाही. कारण दोन वर्षांपूर्वी एका निवासी शिबिरात विषय होता 'बंधुता'. प्रमुख वक्त्यांची ताटे आतल्या खोलीत गेली. बाहेर पोरे रांगेत उभी. स्वयंपाक आणि भांडी वस्तीतल्या बायांकडे, ज्यांनी एकही भाषण ऐकले नाही. रात्री भीमगीतांचा कार्यक्रम झाला. बॅनरवर गायकाचा फोटो होता, ढोलकीवाल्याचे आणि कोरसमधल्या मुलींचे नाव कुठेच नव्हते. आयोजकांत आम्हीही होतो. आणि आम्हीही आतल्या खोलीतच जेवलो, हे लिहायला लाज वाटते.

कुणी म्हणेल, वक्ते लांबून येतात, दमलेले असतात. मग चुलीपुढच्या बाया दमत नाहीत काय? वाढपाची पाळी हा लहान मुद्दा आहे असे ज्याला वाटते, त्याने महाडचे पाणी आठवावे.

यंदा मे महिन्यातल्या शिबिरासाठी आम्ही कामांची यादी केली आहे. वाढप आणि भांडी यांत पहिली नावे वक्त्यांची आणि आमची. बायांचे दोन्ही दिवस सत्रात बसायचे ठरले आहे. ढोलकीवाल्याचे नाव गायकाच्या शेजारी छापायला दिले आहे. पाचपैकी तीन वक्त्यांनी होकार कळवला, दोघांचा फोन अजून आलेला नाही.