उधारीचा एक प्रवास

परक्या शहरात माणूस पहिल्यांदा बावरतो तो तिकीट काढताना. नाणी ओळखू येत नाहीत, जीभ अडखळते, मागची रांग कुरकुरते. लंडनमध्ये २००३ साली आलेल्या ‘ऑयस्टर’ कार्डाने ही धास्ती घालवली. कार्डात पैसे भरावेत, ते यंत्राला टेकवावे आणि निघावे. दिवसभर कितीही हिंडलात तरी ठराविक मर्यादेपलीकडे भाडे कापले जात नाही. कालचा पाहुणा आणि जन्माचा लंडनकर येथे सारखेच!

परंतु जुलै २०१४ पासून तेथील बसमध्ये रोख पैसे चालेनासे झाले. खिशात नोटा असूनही रिकाम्या कार्डाचा प्रवासी रस्त्यावरच राहायचा. म्हणून त्याच वेळी केलेली एक तरतूद मला मोलाची वाटते. कार्डातली शिल्लक भाड्याला पुरत नसली तरी बसचा आणखी एक प्रवास करू देतात. उणे झालेली रक्कम पुढच्या भरण्यातून वळती होते. रात्री घरी निघालेल्याला ही उधारी केवढा आधार देत असेल!

मित्रहो, सोयीची खरी परीक्षा कार्ड रिकामे असताना होते. आता आपल्याकडेही बस आणि मेट्रोची कार्डे आली आहेत. त्यांच्या यंत्रांबरोबर ही माणुसकीही आपण का उचलू नये?