मनोबलाचा उपदेश आणि थकलेली विद्यावेतने

विद्यापीठांतून अलीकडे 'मनोबल वाढवा' या उपदेशाचा मोठाच सुकाळ झाला आहे. व्याख्याने झडतात, योगवर्ग भरतात, 'कणखर मन' घडविण्याची शिबिरे पार पडतात. खचलेला विद्यार्थी मुळात मनाचाच कच्चा, हे गृहीत धरून हा सारा खटाटोप चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र निराळेच काही सांगतात. २०१३ साली देशात ८,४२३ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ साली १३,८९२. शाळकरी मुलांपासून विद्यापीठीय विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांची ही मोजदाद आहे. दहा वर्षांत देशातील तरुणांची मने एकाएकी दीडपटीहून अधिक दुबळी झाली, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणेल काय?

मृत्यूही सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. आयआयटी, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठे अशा केंद्राच्या उच्च शिक्षणसंस्थांत २०१४ ते २०२१ या काळात १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे सरकारनेच डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत सांगितले. त्यांपैकी २४ अनुसूचित जातींचे, ३ अनुसूचित जमातींचे आणि ४१ इतर मागासवर्गीय होते; म्हणजे निम्म्याहून अधिक. या दुःखालाही जात आहे, वर्ग आहे.

हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जीवन संपविले. त्यापूर्वी विद्यापीठाने त्याला व त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहाबाहेर काढले होते. सात महिन्यांचे विद्यावेतन, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, येणे बाकी असल्याचे त्याने आपल्या अखेरच्या पत्रात लिहून ठेवले. अशा तरुणाला मनोबलाचे कोणते व्याख्यान पुरे पडले असते?

शासनकर्त्यांचे धोरण याच दिशेने चालत आले आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेविना पीएच.डी. करणाऱ्यास २०१२ साली दरमहा ८,००० रुपये विद्यावेतन ठरले; पुढची दहा वर्षे महागाई चढत राहिली, विद्यावेतन जागचे हलले नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेही बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा दिल्लीत अनुदान आयोगाच्या दारात विद्यार्थ्यांनी ठाण मांडले म्हणून ते टिकले. अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती मात्र २०२२ साली बंद झाली. घरी कर्ज, खोलीचे भाडे थकलेले, मार्गदर्शकाची मर्जी राखण्याची सक्ती आणि पुढे नोकरीची शाश्वती नाही, अशा कोंडीत रात्रीची झोप उडाली तर तो मनाचा दोष नव्हे.

कार्ल मार्क्सने १८४६ साली फ्रेंच पोलीस दफ्तराचा अधिकारी झाक प्यूशे याच्या आठवणींतील आत्महत्यांविषयीचे उतारे जर्मन वाचकांपुढे ठेवले, ते याच कारणाने. एकट्या जीवाच्या हताशेत त्याला समाजरचनेतील व्यंग दिसले होते.

तथापि, येथे दुसऱ्या टोकाची चूक टाळणे अगत्याचे आहे. 'क्रांती झाली की सारे ठीक होईल' असे म्हणून आज कण्हणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे हा मार्क्सवाद नव्हे. नैराश्य हा आजार आहे; क्षयाला जसे औषध लागते तसे त्यालाही लागते. क्षय दाट वस्तीत वाढतो म्हणून क्षयरोग्याचे औषध कोणी थांबवीत नाही. चळवळीतही खचलेल्या कार्यकर्त्याला 'मध्यमवर्गीय दुबळेपणा' म्हणून हिणवण्याची खोड आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. सभेला येईनासा झालेला तरुण निष्क्रिय ठरवून यादीतून वगळला जातो. त्याच्या खोलीचे दार मात्र कोणी ठोठावत नाही.

म्हणून लढ्याच्या मागण्या नेमक्या हव्यात. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले आहे. त्याची जागा कायम असली पाहिजे, कंत्राटी नव्हे. आणि विद्यार्थ्याने त्याच्यापाशी उघड केलेली गोष्ट विभागप्रमुखाच्या कानी जाता कामा नये. विद्यावेतन ठरल्या तारखेस मिळाले पाहिजे. जातीय छळाच्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत.

विद्यापीठांत काम करणाऱ्या पक्षसभासदांनी याबरोबरच एक साधे काम आजपासून हाती घ्यावे. बैठकीतील रिकाम्या जागेची नोंद घ्यावी, आणि त्याच संध्याकाळी त्या सोबत्याकडे जावे. त्याचे ऐकून घ्यावे, गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत सोबत करावी. टेली-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा. एकट्याने सोसण्याची ताकद वाढविणे हा मालकवर्गाचा उपदेश आहे. कोणालाही एकट्याने सोसावे लागू नये, यासाठी संघटना असते.